कोर्टातल्या लग्नातले कोर्ट

काही वर्षांपूर्वी हिंगोलीत पदवीच्या वर्गापुढे सुनीता देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’विषयी बोलताना आम्ही ओघात सांगून गेलो, की पु. ल. आणि सुनीताबाई यांचा विवाह १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीस नोंदणी पद्धतीने झाला. मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘म्हणजे कोर्टात झाला ना, सर? कोणत्या कोर्टात? जज्ज कोण होते?’’ वर्ग हसला, आम्हीही हसलो आणि पुढल्या मुद्द्याकडे वळलो. तास संपल्यावर मात्र ध्यानात आले, की ‘कोर्टातले लग्न’ हा शब्द आपण जन्मभर वापरीत आलो, तरी त्यातले कोर्ट नेमके कोठे असते हे आम्हांसही धड सांगता आले नसते. या टिपणाचा उगम त्या प्रश्नात आहे.

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांत ‘त्यानं कोर्टात लग्न केलं’ हे वाक्य वर्तमान म्हणून क्वचितच सांगितले जाते. आवाज किंचित खाली येतो, आणि ऐकणाऱ्याने पुढचे आपणच ओळखायचे असते : जात वेगळी असावी, धर्म वेगळा असावा, किंवा निदान घरच्यांची मर्जी तरी नसावी. वस्तुतः न्यायाधीश कोणाचेही लग्न लावीत नाहीत. असा विवाह होतो तो विवाह अधिकाऱ्यासमोर, आणि महाराष्ट्रात हा अधिकारी असतो नोंदणी व मुद्रांक विभागाचा. शेतीच्या खरेदीखतांची, बक्षीसपत्रांची नोंद ज्या खात्यात होते त्याच खात्यात दोन माणसांच्या संमतीचीही नोंद होते. येथे आणखी एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. मांडवात अक्षता पडून झालेल्या लग्नाची नंतर केलेली नोंद ती विवाहनोंदणी. अधिकाऱ्यासमोर, साक्षीदारांच्या देखत, उच्चार आणि सही यांनीच जो विवाह घडतो तो नोंदणी विवाह. पहिल्यात कागद लग्नाच्या मागून येतो, दुसऱ्यात लग्न कागदातून उभे राहते. हे टिपण दुसऱ्याविषयी आहे.

मग यात कोर्ट आले कोठून? लोकभाषा उगाच शब्द घडवीत नाही. या विवाहाचा इतिहास चाळू लागल्यावर आम्हांस दोन गोष्टी आढळल्या. एक, कोर्ट या कायद्यात पहिल्या दिवसापासून होते, पण ते दाराआड उभे होते. दुसरी अधिक महत्त्वाची : या नोंदवहीने प्रत्येक काळी सही करणाऱ्याकडून काही ना काही किंमत मागितली. आधी धर्म मागितला, मग घर मागितले, आणि आता ती वेळ मागते व गुपित मागते. स्वातंत्र्य मिळत गेले हे खरे. पण ते फुकट कधीच मिळाले नाही.

कथा सुरू होते बंगालात. केशवचंद्र सेन यांच्या ब्राह्मो अनुयायांनी मूर्तिपूजा आणि पारंपरिक विधी सोडून आपल्या पद्धतीने लग्ने लावण्यास आरंभ केला होता, आणि अशी लग्ने कायद्याने ग्राह्य आहेत की नाहीत याविषयी शंका उत्पन्न झाली होती. ब्राह्मोंनी सरकारकडे दाद मागितली. सर हेन्री मेन यांनी १८६८ साली जे विधेयक मांडले ते व्यापक होते. कोणाही भारतीयास धार्मिक विधीवाचून विवाह करता यावा असा त्याचा रोख होता. सनातनी मंडळींनी विरोध केला. केवळ ब्राह्मोंपुरता कायदा करावा असे ठरते, तर ब्राह्मोंच्या जुन्या शाखेने आक्षेप घेतला, की आम्ही हिंदूच आहोत, आम्हांस वेगळे काढू नका. अखेर फिट्झजेम्स स्टीफन यांनी जी तडजोड काढली ती १८७२ चा तिसरा कायदा म्हणून संमत झाली. या कायद्याखाली लग्न करणाऱ्या दोघांनीही लिहून द्यायचे, की आपण ख्रिस्ती, ज्यू, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख वा जैन यांपैकी कोणताही धर्म मानीत नाही. आठ धर्मांची ही यादी म्हणजे त्या दाराचा उंबरठा होता. आपण काय आहोत हे कोणी विचारीत नव्हते. आपण काय काय नाही, एवढेच सांगायचे होते.

याच कायद्यात कोर्टाची जागाही ठरली. चौदा दिवस आधी रजिस्ट्रारला नोटीस द्यायची, ती नोटीसवहीत उतरायची, आणि ती वही कोणालाही विनाशुल्क पाहता यायची. कोणास हरकत असेल तर त्याने दिवाणी न्यायालयात दावा लावायचा. हरकत सद्‌भावनेने घेतलेली नाही असे न्यायालयास दिसले, तर हरकतदारास एक हजार रुपयांपर्यंत दंड. म्हणजे लग्न रजिस्ट्रारकडे, आणि भांडण कोर्टाकडे. कोणी आडवे आले नाही तर वधूवरांना कोर्टाचे तोंडही पाहावे लागू नये, अशी ही रचना होती.

या कायद्याची चव ज्या मराठी नावाने प्रथम घेतली असे सहज आठवते ते नाव पंडिता रमाबाईंचे. १८८० साली बांकीपूर येथे रमाबाई डोंगरे या चित्पावन कन्येने बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली, ब्राह्मणेतर वकिलाशी याच कायद्याने विवाह केला. त्या वेळी दोघांचीही ना हिंदू धर्मावर श्रद्धा उरली होती ना ख्रिस्ती धर्मावर, असे रमाबाईंनी पुढे स्वतःच नमूद केले आहे. म्हणजे जे प्रतिज्ञापत्र इतरांकडून खोटे वदवून घेई ते रमाबाईंच्या मुखी खरे होते. १८८२ च्या आरंभी बिपिनबिहारी पटकीने गेले. लहानग्या मनोरमेस घेऊन रमाबाई महाराष्ट्रात परतल्या. पुढचा इतिहास वाचकांस ठाऊक आहे.

रमाबाईंसारखी माणसे अर्थातच थोडी. मुंबई-पुण्याच्या प्रार्थना समाजातील बहुतेकांना ‘मी हिंदू नाही’ असे लिहून देणे मानवणारे नव्हते. धर्म सुधारावा म्हणून जे झटत होते त्यांच्यापुढे कायदा म्हणत होता, की आधी धर्म सोडून दाखवा. केशवचंद्रांचे स्वतःचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. ज्या कायद्यासाठी ते झटले त्यात वधूचे किमान वय चौदा आणि वराचे अठरा होते. १८७८ साली त्यांनी आपली कन्या कूचबिहारच्या राजपुत्रास दिली तेव्हा दोघेही त्या वयाच्या खाली होते. ब्राह्मो समाज यावरून पुन्हा फुटला. सुधारकाने दुसऱ्यांसाठी मिळवलेले दार त्याच्याच घरी लागू पडू नये, ही गोष्ट आपल्या सुधारणेच्या इतिहासात नवी नाही.

त्याच दशकात महाराष्ट्रात एक वेगळी वाट पाडली जात होती. जोतीराव फुल्यांनी सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लागला. या वाटेत धर्म नाकारण्याची अट नव्हती. नाकारला होता तो मध्यस्थ. वधूवरांनी एकमेकांस आपापली वचने द्यावीत, पुरोहिताची गरज नाही, असा हा विधी. ओतूरला बाळाजी कुसाजी पाटलांनी या पद्धतीने घरची लग्ने लावली तेव्हा गावच्या जोशांनी आपला हक्क बुडाला म्हणून जुन्नरच्या कोर्टात दावा लावला. प्रकरण मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेले आणि सत्यशोधकांच्या बाजूने लागले. वास्तविक कोर्टात गेलेले लग्न म्हणावे तर ते हे! वधूवरांचे कोणाशी भांडण नव्हते. कोर्टाची पायरी चढले ते दक्षिणेचे हक्कदार. लग्न कोर्टात नेतो तो बहुधा तिसराच कोणी, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता आमच्या मुलखाकडे यावे. हे सारे घडत असताना हिंगोली इंग्रजी मुलखात नव्हती. गावात हैदराबाद कंटिंजंटची छावणी असली तरी राज्य निजामाचे होते, आणि कलकत्त्यास झालेला कायदा निजामाच्या राज्यास आपोआप लागू होत नसे. हैदराबादेत स्थायिक झालेले अघोरनाथ चट्टोपाध्याय यांनी हा कायदा त्या राज्यात आणावा म्हणून खटपट केली. त्यांच्या कन्येचा, म्हणजे पुढे सरोजिनी नायडू म्हणून प्रसिद्ध झालेल्या सरोजिनीचा विवाह १८९८ साली डॉ. गोविंदराजुलू नायडू यांच्याशी त्याच कायद्याने झाला. पण तो मद्रासला, इंग्रजी मुलखात. राजधानीतल्या नामांकित शिक्षणतज्ज्ञाच्या घरची ही गोष्ट असेल, तर कयाधूकाठच्या खेड्यातल्यांची स्थिती काय असेल? येथे लग्नाचा पुरावा म्हणजे मांडवात अक्षता टाकणारे गाव. मुसलमानांच्या घरी काझी आणि दोन साक्षीदार. गाव साक्षीदार असते तोवर गावच्या मर्जीबाहेर लग्न होऊ शकत नाही, हे सांगण्यास नको.

विसाव्या शतकात ‘मी हिंदू नाही’ ही अट काढण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांनी हिंदूंमधील आंतरजातीय विवाह वैध ठरवणारे विधेयक मांडले. महाराष्ट्रात त्यावर मोठा वाद माजला. राजर्षी शाहू महाराजांनी त्यास पाठिंबा दिला, एवढेच नव्हे तर १९१९ साली आपल्या कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांचा कायदा करूनही टाकला. पटेलांचे विधेयक मात्र संमत झाले नाही. जे जमले ते १९२३ साली हरिसिंग गौर यांना. नागपुरास वकिली केलेल्या गौरांच्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपसांत, धर्म न नाकारता, नोंदणी विवाह करता येऊ लागला.

धर्म वाचला, पण किंमत माफ झाली नाही. तिचे नाव बदलले. अविभक्त कुटुंबातील जो माणूस या कायद्याने लग्न करील तो त्या क्षणी कुटुंबापासून विभक्त झाला असे मानले जाई. त्याच्या मिळकतीचा वारसा हिंदू कायद्याने नव्हे, तर भारतीय वारसा कायद्याने ठरे. त्यास दत्तक घेण्याचा हक्क उरत नसे. आणि सर्वांत विलक्षण कलम असे, की त्याच्या बापास दुसरा मुलगा हयात नसेल तर बापाने खुशाल दत्तक घ्यावा. या कलमावर आम्ही बराच वेळ थांबलो. मुलगा जिवंत आहे, शेजारच्या गल्लीत संसार करतो आहे, आणि तरी कायदा बापास म्हणतो, की तुला पुत्र नाही असे समज. घागर फोडण्याची, मुलाच्या नावाने आंघोळ करण्याची जी भाषा गावात ऐकू येते, तिला सरकारी मुद्रेची जोड मिळाली होती.

देशपांडे दांपत्याने १९४६ मध्ये सह्या केल्या तेव्हा हाच कायदा चालू होता. आणि १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह झाला तोही नोंदणी पद्धतीने, दिल्लीतील त्यांच्या निवासस्थानी, तेथल्या डेप्युटी कमिशनरांसमोर. येथेही कोर्ट नव्हते, अधिकारी घरी आला होता. जातीवर खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच, असे ज्यांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त लिहिले होते, आणि जे त्या वेळी देशाचे कायदेमंत्री होते, त्यांनाही बारा वर्षांनंतर जे दार उपलब्ध होते ते १८७२ सालचे, १९२३ साली थोडे रुंद केलेले. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर ते १९५१ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडले.

स्वतंत्र भारताचा विशेष विवाह कायदा १९५४ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९५५ पासून अमलात आला. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात आणि परभणी हैदराबाद राज्यात होती. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. तेव्हा कागदोपत्री पाहिल्यास धर्म न विचारणारा विवाह आमच्या मुलखात आला तो मुंबई-पुण्याकडून नव्हे, तर हैदराबाद ही राजधानी असताना आला. ‘सैराट’मधील आर्ची आणि परश्या हैदराबादेस पळून जातात हे २०१६ साली पडद्यावर पाहताना आम्हांस ही गोष्ट आठवली होती.

नव्या कायद्याने धर्माचा प्रश्नच पुसला. कोणत्याही धर्माचा पुरुष आणि कोणत्याही धर्माची स्त्री, वय अनुक्रमे एकवीस आणि अठरा, हयात जोडीदार नसावा, निषिद्ध नाते नसावे, संमती देण्याइतके मन शाबूत असावे; बस्स. विधी हवा तो करा, न केला तरी चालेल. पण अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी एकमेकांचा पती-पत्नी म्हणून स्वीकार करीत असल्याचे मुखाने म्हटले पाहिजे, आणि तेही दोघांना समजेल अशा कोणत्याही भाषेत. ही तरतूद भाषेच्या अभ्यासकांस विशेष आवडावी. आमच्या जिल्ह्यात हे वाक्य मराठीत म्हणता येते, दखनीत म्हणता येते, तांड्यावरच्या लमाणी बोलीतही म्हणता येते. कायद्याच्या दृष्टीने त्याचे वजन सारखेच. संस्कृत येत नाही म्हणून कोणाचे लग्न अडत नाही.

या उच्चाराचे आणि कागदाचे मोल काय, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांस शकुंतलेने केव्हाच शिकवले आहे. मनूने सांगितलेल्या आठ विवाहप्रकारांत गांधर्व विवाह आहे; त्यात वधूवरांची परस्परसंमती पुरते. पण साक्षीदार नाही, नोंद नाही. पुरावा म्हणून एक अंगठी होती, तीही पाण्यात पडली, आणि भरल्या राजसभेत शकुंतलेस आपण पत्नी आहोत हे सिद्ध करता येईना. १९६५ साली महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खटल्यात जवळपास हेच घडले. पहिली पत्नी हयात असता दुसरे लग्न केल्याचा गुन्हा. दुसरे लग्न गांधर्व पद्धतीचे. न्यायालय म्हणाले, की होम आणि सप्तपदी हे आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध होत नाही, म्हणून कायद्याच्या दृष्टीने हा विवाहच नव्हे, आणि विवाह नाही तर गुन्हाही नाही. पुरुष सुटला. दोन स्त्रियांच्या वाट्याला काय आले, याचा विचार निकालाच्या कक्षेबाहेरचा होता. ज्या सहीला गावात नाक मुरडले जाते त्या सहीने असा प्रश्नच उरू दिला नसता.

हे ज्यांनी नीट ओळखले होते त्यांत हमीद दलवाई होते. १९५६ साली मेहरुन्निसा यांच्याशी त्यांचा निकाह झाला आणि महिन्याभराने दोघांनी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न केले. मेहरुन्निसाबाईंच्या ‘मी भरून पावले आहे’ या आत्मकथनाच्या वाचकांस हे ठाऊक असेल. एकतर्फी तलाक आणि बहुपत्नीत्व यांविरुद्ध दलवाईंनी १९६६ साली मोर्चा काढला, १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. पण त्याच्या दहा-चौदा वर्षे आधी त्यांनी स्वतःच्या पत्नीच्या हाती कायद्याचा कागद दिला होता. दलवाईंचे स्नेही नरहर कुरुंदकर यांचा जन्म आजच्या हिंगोली जिल्ह्यातील नांदापूरचा, हेही येथे नमूद करावेसे वाटते. मनुस्मृतीवर व्याख्याने देणारा आणि दलवाईंच्या चळवळीकडे जिव्हाळ्याने पाहणारा विचारवंत याच मातीतला. तेव्हा हा विषय बाहेरून आलेल्या शहरी मंडळींचा, असे म्हणण्यास आम्हांस आधार दिसत नाही.

मग १९५४ च्या कायद्याने किंमत मागितली नाही काय? मागितली. कुटुंबापासून विभक्त होण्याचे कलम कायम राहिले. १९७६ च्या दुरुस्तीने, वधू आणि वर दोघेही हिंदू, बौद्ध, शीख वा जैन असतील तर ते लागू होऊ नये, असे ठरले. आंतरजातीय दांपत्याचे घर अशा रीतीने परत मिळाले. आंतरधर्मीयांना ती सवलत नाही. अविभक्त कुटुंबातला हिंदू मुलगा मुसलमान वा ख्रिस्ती मुलीशी या कायद्याने विवाह करतो तेव्हा तो आजही त्या कुटुंबापासून विभक्त होतो.

पण खरी किंमत दुसरीकडे आहे. चौदा दिवसांची नोटीस १९५४ मध्ये तीस दिवसांची झाली. वही राहिलीच, शिवाय नोटीस कचेरीत ठळक जागी लावण्याची तरतूद आली. दोघांपैकी एकाने तरी त्या हद्दीत तीस दिवस वास्तव्य केलेले असले पाहिजे. आणि दोघांपैकी कोणाचे कायमचे घर दुसऱ्या हद्दीत असेल, तर नोटिशीची प्रत तिकडच्या अधिकाऱ्याकडे जाते आणि तेथेही लागते. म्हणजे सेनगावची मुले पुण्यास नोकरीला गेली, तेथे नोटीस दिली, तरी कागद हिंगोलीला येतो. माणसे गावापासून दूर गेली तरी नोटीस त्यांच्या आधी घरी पोहोचते. १ मे १९९९ रोजी हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला आणि जिल्ह्याचे ठिकाण परभणीहून जवळ आले. जमिनीच्या, निवडणुकीच्या, दाखल्यांच्या कामी ही सोयच झाली. पण ज्या कागदास ओळखीच्या नजरांपासून दूर राहायचे असते त्यास जवळचे ठिकाण सोयीचे नसते.

हरकतीची कारणे कायद्याने मोजकी ठरवली आहेत. वय, हयात जोडीदार, निषिद्ध नाते, मानसिक क्षमता. ‘आम्हांला पसंत नाही’ हे त्यांत नाही, ‘जात वेगळी आहे’ हेही नाही. चौकशीपुरते विवाह अधिकाऱ्यास दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. त्याने लग्न लावण्यास नकार दिला तर जिल्हा न्यायालयात अपील करता येते. एवढ्यापुरते कोर्ट या लग्नात खरोखर आहे. विनाकारण हरकत घेणाऱ्यास भरपाई द्यावी लागते ती एक हजार रुपयांपर्यंत. १८७२ सालच्या दंडाचा आकडाही एक हजारच होता. तेव्हा ती लहानशी संपत्ती होती. आज वरातीतल्या बँडवाल्यावर ओवाळून टाकलेल्या नोटाही त्याहून अधिक भरतील. परंतु भिंतीवरचा कागद वाचणारा माणूस हरकत घेण्यास कचेरीत येतच नाही. तो मुलीच्या घरी जातो.

म्हणून वाटा फुटल्या. कोणी आळंदीस जाऊन लग्न लावून घेतात, कोणी आर्य समाजाच्या मंदिरात, आणि नंतर त्या लग्नाची नोंद करतात. तेथे तीस दिवसांची भिंत नाही. दोघे एकाच धर्माचे असतील तर एवढ्याने निभावते. धर्म भिन्न असतील तर एकाने धर्म बदलायचा, मग होम किंवा निकाह. या ठिकाणी इतिहास एक चक्कर पूर्ण करतो. ज्यांना १९५४ ची किंमत परवडत नाही ते १८७२ ची किंमत भरतात. एका कायद्याने मोठ्या कष्टाने काढून टाकलेली धर्मत्यागाची अट दुसऱ्या दाराने परत येते, आणि मग आपणच विचारतो, की लग्नासाठी धर्म कशाला बदलला?

ही स्थिती अटळ नाही, हे शेजारच्या गोव्याकडे पाहिल्यास कळते. तेथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यात निबंधकासमोरची सही हा हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सर्वांच्याच लग्नाचा भाग असतो. घरची मंडळी नटूनथटून सहीला जातात, आणि देवळातला वा चर्चमधला विधी आपल्या जागी होतो. सही सर्वांचीच असल्यामुळे सहीवरून कोणाची जात, कोणाचे बंड ओळखता येत नाही. आमच्याकडे ती अपवादाची खूण राहिली, म्हणून तिच्याभोवती कुजबुज राहिली.

अलीकडच्या काही गोष्टी नोंदवून हे टिपण आवरते घेतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले, की दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहात कुटुंबाने, जातपंचायतीने वा जमावाने आडवे येणे बेकायदा आहे, आणि अशा जोडप्यांच्या संरक्षणाची व्यवस्था राज्यांनी करावी. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये म्हटले, की नोटीस जाहीर करणे वधूवरांच्या इच्छेवर असावे. उलट महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेणारी समिती नेमली, आणि टीका होताच दोन दिवसांत ‘आंतरजातीय’ हा शब्द गाळला, ‘आंतरधर्मीय’ राहिला. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये समलिंगी जोडप्यांसाठी याच कायद्याचे दार उघडावे ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. दार कोणासाठी, किती, आणि कोणत्या मोलाने उघडायचे, हा १८६८ चा प्रश्न अजून संपलेला नाही.

त्या विद्यार्थिनीस आम्ही पुढच्या आठवड्यात उत्तर दिले : रत्नागिरीच्या त्या लग्नात जज्ज नव्हते, कोणत्याच नोंदणी विवाहात नसतात, अधिकारी असतो, तीन साक्षीदार असतात, आणि कोर्टाचा संबंध येतो तो कोणी हरकत घेतली तरच. तिने पुन्हा विचारले, ‘‘सर, मग नोटीस कुठं लावतात?’’ या वेळी वर्ग हसला नाही. आम्ही कचेरीच्या भिंतीविषयी सांगितले, तीस दिवसांविषयी सांगितले, आणि हरकतीची कारणे फळ्यावर लिहून दिली. घरच्यांची नापसंती त्यांत नाही, हे दोनदा सांगितले. तिने ते वहीत उतरवून घेतले.

‘कोर्टातले लग्न’ हा शब्द चुकीचा आहे असे त्या दिवसापर्यंत आम्ही समजत होतो. आता तसे म्हणवत नाही. न्यायाधीश नसतो हे खरे. पण तीस दिवस दोन माणसांस आरोपीसारखे उभे राहावे लागते, आणि निकाल देणारे भिंतीपुढून ये-जा करीत असतात. लोकांनी त्यालाच कोर्ट म्हटले असेल, तर त्यांनी शब्द अचूक निवडला आहे.